वाचणारीचा वाटा

शर्टांच्या कारखान्यातल्या हातकामाच्या खोलीत चौदा बायका होत्या आणि दोन पक्ष. एक पक्ष राजा-राण्यांचा, वेढ्यांचा आणि तलवारींचा. दुसरा प्रेमाचा, पत्रांचा आणि चुकलेल्या भेटींचा. बटणं लावता लावता दोन्ही पक्ष एकमेकींची अक्कल काढत. पण शनिवारी वाचनालयातून कोणती कादंबरी आणायची, हा निकाल एकटी मास्तरीण लावायची. ती काही खरी मास्तरीण नव्हती, शाळा तिनं सातवीतच सोडली होती. खोलीत सुईऐवजी पुस्तक धरून बसणारी ती एकटीच, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच.

चार वर्षांपूर्वी तिची बोटं वाकडी व्हायला लागली. आधी नुसती सकाळी आखडायची, मग दिवसभर, आणि पुढे पुढे सुई चिमटीत धरली की डोळ्यांत पाणी यायचं. नवरा याच कारखान्यात कापड कापायला होता. तिथल्या धुळीनं त्याची छाती धरली आणि तो कायमचा घरी बसला. मिळवतं माणूस उरलं ते ही एकटीच. एका दिवसात तिच्या हातून तिसऱ्यांदा सुई पडली, तेव्हा खोलीतली सगळ्यांत थोरली बाई, जिला सगळ्याजणी आत्या म्हणत, तिनं सुई उचलून स्वतःच्या पदराला टोचली आणि म्हणाली, "तू वाचून दाखव. तुझा वाटा आम्ही उचलतो." दिवसाला एकीचे चाळीस शर्ट. तेराजणींनी तीन-तीन जास्तीचे घेतले, झाले एकोणचाळीस, आणि उरलेला एक आत्यानं. जुना सुपरवायझर भला होता. संध्याकाळी दारावरच्या फळ्यावर पाचशेसाठ लिहिले गेले की तो डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचा.

मास्तरीणही काही फुकटची बसून नव्हती. प्रत्येक पुस्तक ती आधी घरी नवऱ्याला वाचून दाखवायची, कुठे अडखळायला होतं ते बघून ठेवायची. शिवाय कुणाला काय लागेल हे तिला बरोबर कळायचं. जिची सून महिनोन्महिने बोलत नव्हती, तिला तिनं राजवाड्यातल्या सासवासुनांची उशीएवढी जाड कादंबरी घरी न्यायला लावली. ती बाई पुस्तक परत करताना म्हणाली, आमची सून बरी म्हणायची, निदान विष तरी घालत नाही. आणि एक होती धाकटी. तिचा नवरा जहाजावर गेला होता आणि सात महिने त्याचा निरोप नव्हता. तिच्यासाठी मास्तरीण मुद्दाम अशा गोष्टी शोधायची, ज्यांत उशिरा का होईना, माणूस परत येतो. धाकटीनं हे कधी बोलून दाखवलं नाही, पण पुस्तकातला माणूस परत आला की त्या दिवशी ती डबा पूर्ण खायची.

मग नवा सुपरवायझर आला. तो हातात घड्याळ धरून सबंध दिवस दाराशी उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मास्तरणीला आपल्या खोलीत बोलावलं. यादीत नावं चौदा आहेत आणि हात तेराजणींचे चालतात, असं तो म्हणाला. महिनाअखेर तिनं यायचं थांबावं. मास्तरीण गयावया करायला लागली, नवऱ्याचं सांगितलं, बोटं पुढे करून दाखवली. माणूस तसा दुष्ट नव्हता. त्याच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं असणारच. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "तीन आठवडे देतो. खोलीतून रोज साडेसहाशे निघायला लागले, तर तिथं कोण काय वाचतं ते मी बघणार नाही."

ती परत आली तेव्हा सगळ्यांनी विचारलं, काय म्हणत होता. ती म्हणाली, दिव्यांबद्दल विचारत होता. दुसरं सांगणार काय? ज्या बायका चार वर्षं आपला वाटा उचलताहेत, त्यांना कुठल्या तोंडानं म्हणायचं की आता एकेकीनं आणखी सात उचला? लाजेनं तिची जीभच उचलेना. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. हिला अक्कल सुचली, इथंच सगळं बिघडलं.

चार वर्षांत एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. ज्या दिवशी पुस्तकात किल्ल्याचा दरवाजा फुटायच्या बेतात असायचा, त्या दिवशी फळ्यावर पाचशेऐंशी लागायचे. आणि ज्या दिवशी दोन माणसं बऱ्याच ताटातुटीनंतर एकमेकांशेजारी बसून नुसती बोलायची, त्या दिवशी पाचशेचाळीस. सुखाचं पान आलं की बायकांच्या सुया हवेतच थांबत. कुणी खिडकीबाहेर बघत बसे, कुणी उगीच बटण कुरवाळत राही. जीव टांगणीला लागला की मात्र हात धावत. आजवर तिला याची गंमत वाटायची.

त्या शनिवारी ती वाचनालयात गेली, आणि पहिल्यांदाच तिनं कुणालाही डोळ्यांपुढे न ठेवता पुस्तक निवडलं. तिच्या डोळ्यांपुढे फक्त फळा होता. तासभर कपाटं उपसल्यावर हवं ते सापडलं. किल्ल्याला वेढा पडलेला. आत लग्नाला चारच महिने झालेली मुलगी, आणि बाहेर, वेढा घालणाऱ्यांच्या सैन्यात, जबरदस्तीनं ओढून नेलेला तिचा नवरा, घोड्यांना नाल ठोकणारा. तलवारवाल्याही खूष, प्रेमवाल्याही खूष. चार वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही पक्षांचं एकमत झालं आणि आत्यानं तिची पाठ थोपटली.

ती भरभर वाचायला लागली. तिच्या आवाजामागे हात धावायला लागले. पाचशेनव्वद झाले, सहाशे झाले, सहाशेवीस झाले. बायकांना वाटत होतं पुस्तकच तसं आहे. मग अकरावं प्रकरण आलं. नालबंद पाणी वाहून जायच्या मोरीतून रात्री किल्ल्यात शिरतो आणि बायकोला भेटतो. आठ पानं नुसती भेट. घरी तिनं ती वाचली तेव्हा नवरा खोकला दाबून ऐकत राहिला आणि संपल्यावर म्हणाला, धाकटीला आवडेल हे. मास्तरीण पानं मोजत होती. ही आठ पानं वाचली तर दुपार बुडाली, आणि दुपार बुडाली की चाळीस शर्ट गेले, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं आठ पानं एकदम उलटली.

पुढे थापच मारावी लागली. पुस्तकात जिथे त्या भेटीची आठवण निघे, तिथे ती आपल्या पदरचं घाले. मोरीला नवे गज लावले. घोडा लंगडा झाला. निरोप्या पकडला गेला. सातवी शिकलेली बाई, पण संकटं रचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी तर ती रोज बघतच होती. हात धावत राहिले. सहाशेपस्तीस झाले. धाकटी सुट्टीत तिच्याजवळ येऊन बसली. तिचा डबा हल्ली अर्धा परत जात होता.

"मास्तरीणबाई, एवढंच सांगा, भेटतात का हो ते?"

"पुढचं आत्ताच सांगितलं तर मजा काय राहील?"

"मला मजा नको. मी मनाशी धरून बसलेय काहीतरी."

काय धरलंय ते विचारायची गरज नव्हती. मास्तरीण म्हणाली, बघू पुढे. धाकटीनं पुस्तक एका रात्रीपुरतं घरी मागितलं, तर तिनं वाचनालयाचा नियम पुढे केला. असा कुठलाच नियम नव्हता. चार वर्षं हीच बाई सगळ्यांच्या हातात पुस्तकं कोंबत होती.

तिसऱ्या आठवड्यात आत्याच्या बोटात सुई आरपार गेली. रक्ताचा ठिपका शर्टावर पडला. आत्यानं तो थुंकी लावून पुसला, चिंधी गुंडाळली आणि पुन्हा बटण घेतलं. त्याच दिवशी मास्तरणीनं पाहिलं की आत्या टेबलाखाली एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं दाबतेय, एकेक सांधा, मुळापासून टोकापर्यंत. ते दाबणं तिच्या चांगलं ओळखीचं होतं. तिचंही असंच सुरू झालं होतं. क्षणभर वाटलं, पुस्तक मिटावं, उठावं आणि सगळं सांगून टाकावं. फळ्यावर आदल्या दिवशीचे सहाशेबेचाळीस होते. आठ कमी. ती पुन्हा वाचायला लागली, आणि आणखी भरभर.

घरी नवऱ्याला सांगितल्याशिवाय तिला राहवेना. तो बराच वेळ खोकला, मग म्हणाला, "तू त्यांना वाचून दाखवतेस, की मागून हाकतेस?" ती चिडली. तुमच्या औषधासाठीच चाललंय हे, असं काहीतरी बोलून गेली. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. तिला झोप लागली नाही, पण सकाळी ती वेळेवर कामावर गेली.

शेवटच्या दिवशी फळ्यावर सहाशेत्रेपन्न लागले. सुपरवायझर स्वतः खोलीत आला, खुशीत होता. त्यानं सगळ्यांदेखत मास्तरणीचं कौतुक केलं. "या बाईंना मी तीन आठवडे दिले होते. साडेसहाशे काढून दाखवा, म्हटलं, तरच तुमची जागा राहील. त्यांनी करून दाखवलं." मग त्यानं खडू घेतला आणि फळ्याच्या डोक्यावर लिहिलं: तेराजणी, एकीचे पन्नास. सोमवारपासून हेच रोजचं, जिला जमणार नाही तिच्या जागी दुसरी येईल. पन्नास होतात हे तुम्हीच दाखवलंत, म्हणाला, आणि बाई, तुमचं वाचन असंच चालू राहू द्या.

तो गेल्यावर मास्तरणीला वाटलं, आता शिव्या बसतील, आणि बसाव्यात असंही वाटलं. तिनं स्वतःच सगळं सांगितलं, दिव्यांची थाप, पुस्तकाची निवड, भरभर वाचणं. बोलताना ती रडत होती. गाळलेल्या पानांचं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही, कारण समोर धाकटी बसली होती. आत्या चिंधी सोडून बोट बघत होती.

"साडेसहाशे म्हणजे एकेकीला सात जास्त, असंच ना?"

"हो."

"मागितले असतेस तर कुरकुर केली असती आम्ही, आणि दिले असते. तीन आठवडे रेटले असते, मग काढलं असतं काहीतरी डोकं. तू न विचारता घेतलेस. आता ते त्याचे झाले, कायमचे."

बायका डबे उचलून एकेक करत निघून गेल्या. एकीनं जाताना तिची पडलेली पिशवी उचलून हातात दिली, सवयीनं.

सोमवारी तिची खुर्ची जागच्या जागी होती. तिला कुणी हाकललं नाही, टोमणा मारला नाही, तिचा वाटा पन्नासांच्या हिशेबात तसाच उचललेला होता. यापेक्षा त्यांनी तिचं नाव टाकलं असतं तरी तिला सोसलं असतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, अकराव्या प्रकरणातली आठ पानं मी गाळली होती, त्यांत ती दोघं भेटतात, आज तीच वाचते. कुणी मान वर केली नाही. ऐकू गेलं की नाही, तेही तिला कळेना.

तिनं वाचायला सुरुवात केली. हळू, शब्द न शब्द, जिथे थांबायचं तिथे थांबून. नालबंद मोरीतून सरपटत आला. मुलीनं अंधारात त्याचा हात चाचपला आणि तळव्यावरच्या भाजल्याच्या खुणेवरून त्याला ओळखलं. आयुष्यात तिनं इतकं चांगलं कधी वाचलं नव्हतं. दर ओळीला ती पुस्तकावरून डोळे काढून बघत होती, कुणाची सुई थांबते का. एखादी तरी. आत्याची तरी. तेरा सुया खाली जात होत्या, वर येत होत्या, शर्ट एका ढिगातून दुसऱ्या ढिगात जात होते. धाकटीचे ओठ हलत होते, तेव्हा मास्तरणीला वाटलं, ही तरी माझ्याबरोबर वाक्यं म्हणतेय. ती शेवटचं पान संपवून थांबली.

धाकटीनं दातानं दोरा तोडला आणि वर न बघता विचारलं, "भेटले का मग ते?"

"भेटले की. आत्ताच वाचलं ना गं."

"हो का? मी मोजत होते," धाकटी म्हणाली आणि तिनं पुढचा शर्ट ओढला.