दुपारचा शोध

दोब्रिनाने संगणकाचा पडदा भिंतीकडे वळवला, मगच शोधाची आज्ञा दिली. समोरच्या टेबलावरचा स्विलेन नुकताच जेवायला खाली गेला होता. खिडकीतून तो डॅन्यूब नदीच्या बाजूने चालत जाताना दिसला. तो पार वळणाआड जाईपर्यंत ती थांबली.

रूसे शहराच्या पाणीपुरवठा कंपनीतली ती खोली दोघांचीच. काम एकच, पहारा. नेटवर्कमधून जाणारा-येणारा माहितीचा प्रत्येक तुकडा एक प्रोग्राम तपासत असे आणि संशयास्पद काही दिसलं की इशारा डेटाबेसमध्ये लिहून ठेवत असे. गेल्या वसंतात शेजारच्या गावात कोणीतरी बाहेरून शिरून पंप बंद पाडले होते. दोन दिवस लोक बादल्या घेऊन नदीवर. तेव्हापासून या खोलीला एकाएकी मान आला होता.

आणि नेमका तेव्हापासूनच हा पहारेकरी प्रोग्राम दुपारी डुलक्या घेऊ लागला होता. जेवणाच्या सुमाराला डेटाबेस अडकायचा, इशारे लिहिले जायचे नाहीत, मागे रांग तुंबायची आणि न तपासलेले तुकडे हजारोंनी वाहून जायचे. पडद्यावरची तपासलेल्या तुकड्यांची रेषा खड्ड्यात पडल्यासारखी खाली यायची. त्या वेळात कोणी आत शिरलं असतं तर कळलंही नसतं.

दोब्रिनाने संगणकाची स्मृती वाढवून पाहिली, नेटवर्कचं कार्ड बदललं, निरुपयोगी नियम काढून टाकले. खड्डा तिथेच. संचालक कुन्चेव एकदा जिन्यात थांबून हळूच म्हणाले होते, "हे सगळं स्विलेन आल्यापासूनच ना? पोरगा हुशार आहे, पण आधीची नोकरी का सोडली ते सांगत नाही. जरा लक्ष असू दे."

तेव्हापासून ती लक्ष ठेवून होती. स्विलेनच्या संगणकावरून काय काय गेलं ते ती रोज दुपारी साठलेल्या सगळ्या नोंदींमधून धुंडाळायची. सापडत काहीच नव्हतं. पण हुशार माणसाचं काही सापडत नाही, हेही तिला पटलेलं होतं. खड्डा हल्ली जास्तच खोल झाला होता. आपल्या शोधाचाही त्यात हात असेल असं तिला वाटलं नाही. खड्डा आधी आला होता, शोध नंतर.

त्या दिवशी मात्र तिने वेगळं केलं. रेषा खाली आल्याबरोबर तिने डेटाबेसलाच विचारलं, आत्ता तू कोणाचं काम करतोयस?

दोन कामं चालू होती. एक तिचं. दुसरं स्विलेनच्या नावावर, रोज दुपारची वेळ लावून ठेवलेलं.

सापडलास, असं तिच्या मनात आलं. तिने ते काम उघडलं. रचना जवळजवळ तिच्याच शोधासारखी होती. फक्त पत्ता वेगळा. तो तिच्या संगणकाचा होता.

स्विलेन ताकाची बाटली घेऊन परत आला तेव्हा ती तशीच बसलेली होती.

"स्विलेन, तू माझ्या मागावर आहेस."

त्याने बाटली टेबलावर ठेवली. "हो. आणि ताई, तुम्ही माझ्या. चालू कामांच्या यादीत मला दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर म्हणाला असतात, याला कसं कळलं?"

हे खरं होतं.

"कुन्चेवसाहेब?" तिने विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात. म्हणाले, बाई जुन्या आहेत, कामाला चोख आहेत, पण सगळ्या किल्ल्या त्यांच्याचकडे. जरा लक्ष असू दे."

"आधीची नोकरी का सोडलीस?"

"बाबांना अर्धांगवायू झाला. सोफियात राहून कसं जमणार? तुम्ही विचारलंत, नाहीतर इथे कोणी विचारलंच नाही."

त्याने तिच्यासमोरच आपलं काम काढून टाकलं. "तुमचं?"

"काढते," ती म्हणाली. तिने पडद्यावरची खिडकी मिटवली. शोध काढला नाही. वडिलांचं खरं असेलही. पण नसेल तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी रेषा पुन्हा खाली आली. खड्डा निम्माच होता. दोघांनाही तो दिसला. दोब्रिनाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"अजून थोडं अडखळतंय," स्विलेन म्हणाला.

"बघते मी."

तो सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला. थोड्या वेळाने त्याने डेटाबेसमधल्या एका बदलासाठी तिची मंजुरी मागितली. तिने तो शब्दन् शब्द वाचला. नोंदींना संगणकाच्या पत्त्यावरून सूची लावायची, एवढाच बदल.

"हे कशाला?"

"सूची नसली की एका पत्त्यासाठी सगळ्या नोंदी पहिल्यापासून चाळाव्या लागतात. तेवढ्यात इशारे लिहिणारा प्रोग्राम खोळंबतो. सूची असली तर शोध थेट हव्या त्या पानावर जातो. कोणी रोज शोधत असेल, तरी मग पहाऱ्याला धक्का नाही."

"कोण शोधतंय?"

स्विलेनने बियांचा कागद तिच्याकडे सरकवला. "कोणी का असेना. त्याचंही काम व्हावं, आपलंही."

तिने मंजुरी दिली. बिया घेतल्या नाहीत.

पुढच्या दुपारी रेषा सरळ धावली. एकही तुकडा सुटला नाही. कुन्चेव दारातून डोकावून "शाबास" म्हणाले आणि कोणाचा दोष होता हे न विचारताच गेले. दोब्रिनाचा शोध पापणी लवायच्या आत संपला होता. स्विलेनच्या नावापुढे हवामान, पंपांचे आकडे आणि एका रुग्णालयाच्या भेटीच्या वेळा होत्या. त्या वेळा तिने दोनदा वाचल्या. मग शोध काढून टाकला, या वेळी खरोखर.

रेषेत काहीच फरक पडला नाही. आता पडणारही नव्हता. इतक्या झटकन संपणारं काम चालू कामांमध्ये कधी दिसलंच नसतं. मग ते बंद झालेलं तरी स्विलेनला कसं दिसावं? त्याला सांगावं असं तिला वाटलं. पण काढते असं तिचं एकदा सांगून झालं होतं.

समोर तो मान खाली घालून टंकत होता. काय टंकत होता, तेही आता तिला कळण्यासारखं नव्हतं.