गिरणीतलं पीठ

स्वप्नाने गहू सोडून अजून महिनाही झाला नव्हता. गव्हाचा कणसुद्धा तिच्या आतड्यांना सोसत नाही, असं कणकवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. चपाती, बिस्किटं, रवा, सगळं बंद. कितीतरी वर्षांनी तिचं पोट शांत झालं होतं.

त्या दुपारी तिच्या सासूने, सावित्रीने, ताज्या पिठाच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. सुनेसाठी म्हणून भर उन्हात तिने स्वतः गिरणीवर जाऊन तांदूळ दळून आणले होते. स्वप्ना पोटभर जेवली.

संध्याकाळपर्यंत पोट तट्ट फुगलं. मग कळा, जुलाब. दुसऱ्या दिवशीही खाटेवरून उठवेना. तेच बांगडे घरात सगळ्यांनी खाल्ले होते, कुणाला काही झालं नव्हतं. पडल्यापडल्या तिला गिरणी आठवली. विचारावं की नको, यातच तिचा बराच वेळ गेला.

"आई, आपले तांदूळ दळूच्या आधी कोणाचा दळण होता?"

"शेजारच्या सुभद्राचे गहू होते. कित्या गो?"

विचारता विचारताच सावित्रीच्या लक्षात आलं, गिरणीत उरलेलं गव्हाचं पीठ तांदळाच्या पिठात मिसळलं होतं. ती खाटेच्या कडेला बसली.

"म्हणजे माझ्याच भाकरेन तुका असा झाला."

"तुमका खंय म्हायत होता? माका तरी खंय म्हायत होता."

आता माहेरी सांगायचं, लग्नाकार्यात सांगायचं, आणि गिरणीवरही सांगायचं. लोक विचारणार, एवढ्याशा पिठाने काय होतं? त्या विचारानेच स्वप्नाला थकायला झालं. तिने डोळे मिटले.

"ह्या पीठ आमी खावया," सावित्री उठत म्हणाली. "तुझे तांदूळ भिजवून मिक्सरात वाटतंय. घावणे होतले."

"उद्या बघूया, आई. आज नको."

सावित्रीने तिला मीठ घातलेली पेज दिली आणि तांदूळ भिजत घातले. मिक्सरचं भांडं तिने दोनदा घासलं, तवाही घासला.

सकाळी स्वप्नाने एक घावणा खाल्ला. दुसरा नको म्हणाली. मग पोटावर हात ठेवून ती वाट बघत राहिली, आणि सावित्री तिच्या तोंडाकडे. दुपार झाली तरी कळ आली नाही.

अंगातला शीण जायला मात्र पुढे बरेच दिवस लागले.