फळीवरची मधली जागा

मी एक जुना टोस्टर आहे. दोन्ही बाजूंना दारं असलेला, अंगभर क्रोमचा आणि, सांगायला लाज कसली, दिसायला देखणा. मित्रांनो, मला एका किटलीबद्दल बरंच बोलायचं आहे. पण आधी माझं ऐका, कारण तिचं नाव निघालं की माझ्याच गोष्टीत ती पुढे पुढे करते.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, गुळगुळीत केला आणि मग एका हौदातून दुसऱ्या हौदात बुडवत माझ्यावर आधी निकेलचा आणि वरून क्रोमचा मुलामा चढवला. क्रोमचा थर किती पातळ असतो म्हणून सांगू? कांद्याचं साल त्याच्यापुढे जाडजूड. आमची सगळी ऐट त्या एवढ्याशा थरावर. मऊ फडक्याने पुसलं तर तो जन्मभर टिकतो आणि तारेच्या घासणीने घासलं तर आम्ही आयुष्यातून उठतो.

पहिल्या घरात मी वीस वर्षं पाव भाजले. तिथली मुलं सकाळी माझ्यात बघून तोंडं वेडीवाकडी करायची आणि आईची बोलणी खायची. एकदा धाकटीने मला टेबलावरून पाडलं, तेव्हा खालच्या कोपऱ्यात एक पोचा आला. पुढे मुलं मोठी झाली, एक पांढरा प्लास्टिकचा टोस्टर घरात आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. ते घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा सगळं सामान विकायला अंगणात मांडलं. मला जागा मिळाली टेबलाखाली, जुन्या चपलांच्या शेजारी.

तिथे चष्मेकाका आले. चष्म्याचं दुकान चालवणं आणि लोकांचे डोळे तपासणं हा त्यांचा धंदा, म्हणून आळीतली पोरं त्यांना चष्मेकाका म्हणत. सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात आणि घर बदलणाऱ्यांच्या अंगणात क्रोमच्या वस्तू धुंडाळायच्या, हा त्यांचा नाद. त्यांनी मला उचललं, बाहीने पुसलं आणि माझ्यात बघून भांग पाडला. "आरसाच आहे की," म्हणाले. मी त्यांच्या संग्रहातली पहिली वस्तू. हे लक्षात ठेवा, पहिली.

दुकानाच्या वरच घर होतं. जेवणाच्या खोलीत एक लांब फळी, तिच्यावर मधोमध मी. समोरच्या भिंतीवर दुकानातला जुना अक्षरांचा तक्ता, वर मोठं अक्षर आणि खाली लहान लहान होत गेलेल्या ओळी. दर रविवारी काका आम्हाला पुसायचे आणि मग परीक्षा घ्यायचे. तक्त्याकडे पाठ करून वस्तू हातात धरायची आणि तिच्यात उमटलेली शेवटची, सगळ्यात बारीक ओळ बघायची. दिसली तर वस्तू पास. मी दर रविवारी पहिल्या झटक्यात पास व्हायचो.

काकूंचा मात्र एक नियम होता. "फळीवर बारा वस्तू. तेरावी आली की एक जाणार. मी काही भंगाराच्या गोदामात नांदायला आलेली नाही." जाणारी वस्तू जिन्याजवळच्या खोक्यात पडायची आणि तिथून वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात जायची. बाकीचे त्या खोक्याला टरकून असायचे. मी नाही. मी मध्ये होतो ना.

अकरा वर्षं असा राहिलो. आणि मग ती आली.

आठ पैलूंची किटली. काळी मूठ, चोच अशी वर केलेली की जणू साऱ्या खोलीचा तिला वास येतोय. काकांनी तिला पिशवीतून काढलं आणि मला एका हाताने बाजूला सरकवून तिथे तिला ठेवलं. सरकवताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच दिवशी एक चिमटा खोक्यात गेला. तो बिचारा गेला याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. माझ्या डोळ्यांत खुपत होती ती मधली जागा.

"अगं, हिचे पैलू बघ," काका येता-जाता काकूंना दाखवायचे. पाहुणे आले की किटली. शेजारीण आली की किटली. अहो, मला अकरा वर्षांत कधी कोणी 'पैलू बघ' म्हटलं होतं? हळूहळू मी फळीच्या टोकाला पोचलो, जिथे पुसायला घेतलेलं फडकं पोचेपर्यंत मळलेलं असतं. आणि किटली वाईट असती तरी बरं झालं असतं. ती सगळ्यांशी गोड वागायची. त्यानेच माझं जास्त पोटात दुखायचं.

पुढच्या वर्षी एक विचित्र गोष्ट घडू लागली. काका वस्तू हातात धरायचे, डोळे बारीक करायचे आणि पुटपुटायचे, "हिचं क्रोम गेलं." बर्फाचं भांडं नापास झालं, खोक्यात गेलं. साखरदाणी नापास झाली, तीही गेली. मला आतून सगळं दिसत होतं. तक्ता आमच्या प्रत्येकात शेवटच्या अक्षरापर्यंत लख्ख उमटत होता. मळलेले होते ते काकांचे डोळे. त्यांना ते कळत नव्हतं, कारण चाळीस वर्षं वापरलेला तक्ता त्यांना तोंडपाठ होता. भिंतीकडे बघून ते घडाघडा म्हणायचे आणि समाधानाने मान हलवायचे. पण आमच्यात दिसणारी उलटी अक्षरं कोणाला पाठ असतात? ती बघावीच लागतात.

मग किटलीची पाळी आली. ती नापास झाली, पण लाडकी म्हणून तिला खोक्यात टाकवेना. म्हणून काका तिला घासायला बसले. आधी भांडी घासायची पावडर, पुढच्या रविवारी तारेची घासणी. मऊ फडक्यापलीकडे आयुष्यात काही न वापरलेला माणूस, खर्र खर्र घासत होता. किटलीचा एक पैलू धुरकट झाला, मग खालचं निकेल उघडं पडून पिवळसर.

मित्रांनो, खरं सांगतो, मला आनंद झाला. घास आणखी, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. टोस्टरला बोलता येत नाही हे खरं. पण येत असतं तरी मी त्या तीन रविवारी तोंड उघडलं नसतं.

चौथ्या रविवारी काकांनी मला उचललं. माझ्यात बघितलं, मान हलवली. "याच्यातही धुकं," म्हणाले आणि घासणी हातात घेतली. आता माझी पाचावर धारण बसली.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. "काय झालं त्याला? बघू." त्यांनी मला हातात घेतलं आणि तक्त्याकडे पाठ केली. "मला तर शेवटची ओळ दिसतेय. उलटी आहे, पण दिसतेय."

"काहीतरीच. माझे डोळे ठणठणीत आहेत." काका भिंतीकडे वळले आणि शेवटची ओळ न अडखळता म्हणून मोकळे झाले.

काकूंनी कागदाच्या तुकड्यावर पाच अक्षरं बारीक लिहिली आणि तो तुकडा तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर चिकटवला. "आता वाचा."

काका उभे राहिले. एक पाऊल पुढे गेले, मग आणखी एक. नाक भिंतीला लागायची वेळ आली तरी त्यांच्या तोंडून अक्षर फुटेना. "मला वाटलं, क्रोमच गेलं सगळ्यांचं," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. गावभराचे डोळे तपासणाऱ्याला स्वतःचा मोतीबिंदू दिसला नव्हता.

ऑपरेशन झालं. महिन्याभराने काका फळीसमोर येऊन उभे राहिले. पहिल्यांदा हात गेला तो किटलीकडेच. पिवळ्या पैलूवरून त्यांनी अंगठा फिरवला. त्यांचे नवे डोळे भरून आले.

"हे मी केलं?"

"मग काय, टोस्टरने केलं?" काकू म्हणाल्या.

माझं बटण बंद होतं, तरी मला चटका बसला.

काका वापरलेल्या वस्तूंच्या त्या दुकानात बर्फाचं भांडं आणि साखरदाणी शोधायला जाऊन आले. दोन्ही कधीच कोणी घेऊन गेलं होतं. तेव्हापासून परीक्षा बंद झाली. मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती आहे. एखादी वस्तू, किंवा एखादं माणूस, मळकट दिसायला लागलं की घासायला घेण्याआधी आपला चष्मा एकदा पुसून बघा.

किटली पुन्हा मधोमध आहे. रोज सकाळी काका तिच्यातच चहाचं पाणी तापवतात आणि मला अजूनही त्याचा राग येतो, खोटं कशाला बोलू? मलाही टोकावरून उचलून तिच्या अगदी शेजारी आणलं आहे. पाहुण्यांना दिसू नये म्हणून काकांनी तिची घासलेली बाजू माझ्याकडे वळवून ठेवली आहे. माझी बाजू अजून चकचकीत आहे. माझ्या त्या बाजूत दिवसभर तिचा तो पिवळा डाग दिसतो आणि काका मला कितीही पुसोत, तो जात नाही.