पुढचे चाक अटलांटिकमध्ये

‘कुटुंबाच्या स्पष्ट इच्छेनुसार, ब्रिन थॉरबर्न यांच्या चौदा ऑगस्ट रोजी झालेल्या निधनाची वार्ता त्यांच्या वडिलांना सफर पूर्ण होईपर्यंत कळवण्यात आली नाही. अखेरच्या किलोमीटरपर्यंत ब्रिनचे प्रेमळ शब्द त्यांना बळ देत राहिले.’

ॲनगस थॉरबर्नने निवेदनाचा कागद गुडघ्यावर ठेवला, गुडघ्याच्या ओलीने तो भिजतो आहे असे पाहून उचलला आणि समोर उभ्या असलेल्या शेल्बी क्रोकरकडे पेन्सिल मागितली.

सफर भरवणाऱ्या प्रतिष्ठानाची प्रसिद्धी शेल्बी पाहत असे. तिचा हात पर्सकडे गेला आणि तिथेच थांबला.

“प्रोफेसर... किनाऱ्यावर त्या बोलल्या ना तुमच्याशी? लोर्ना? मला वाटलं, त्यांनी सांगितलं.”

“पेन्सिल,” ॲनगस म्हणाला.

वीस मिनिटांपूर्वी त्याने मिडल कोव्हच्या किनाऱ्यावरच्या गोट्यांवरून सायकल ओढत नेऊन पुढचे चाक अटलांटिकमध्ये बुडवले होते. मागचे चाक मे महिन्यात, देशाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिकमध्ये बुडवले होते. एवढे केले की सफर सुरू होते आणि एवढे केले की संपते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोर्ना, त्याची बायको, त्याच्या गळ्यात पडली आणि सुटेचना. छायाचित्रकाराला तिला दोनदा बाजूला व्हायला सांगावे लागले. शेल्बीने त्या मिठीचा अर्थ लावला होता. ॲनगसनेही लावला होता. दोघांचाही चुकला होता.

आता तो चर्चच्या सभागृहात, मेणकापड घातलेल्या लांब टेबलाशी बसला होता. बुटांतून समुद्राचे पाणी गळत होते. टेबलाखाली त्याच्या टाचा आपोआप वरखाली होत होत्या. एक्क्याण्णव दिवसांची सवय पायांना एकदम सोडता येत नव्हती. त्याला रडू आले नाही. मेणकापडावर छापलेल्या शेवंडींच्या नांग्या छपाईत एका बाजूला सरकल्या आहेत, एवढे मात्र त्याला दिसले.

पेन्सिल मिळाली. त्याने पहिल्या शब्दाखाली रेघ ओढली.

“‘कुटुंब’. आमच्या कुटुंबात माणसं किती, मिस क्रोकर?”

“सर, मला खरंच कळत नाहीये, काय बोलावं—”

“तीन. एक वारली. एक सायकलवर होता, त्याला विचारायला तुम्हाला सवड झाली नाही. उरलं एक. एका माणसाला कुटुंब म्हणायचा तुमच्या प्रतिष्ठानात ठराव झालाय का?”

त्याने पुढच्या शब्दांखाली रेघ ओढली.

“‘कळवण्यात आली नाही’. कोणी कळवली नाही? नाव कुठाय? चाळीस वर्षं मी पोरांना शिकवतोय, कागदावरून माणूस नाहीसा झाला की समजावं, त्यानं काहीतरी केलंय.” तो आवाज चढवत नव्हता. विद्यार्थ्याचा प्रबंध तपासताना लावतो तोच सूर होता, आणि शेल्बीला तोच सहन होईना. “‘सफर पूर्ण होईपर्यंत’. म्हणजे छायाचित्र निघेपर्यंत. तसं लिहा ना मग. शब्द वाचतील.”

“आम्ही फक्त थांबलो, सर. त्यांचा फोन आला, पंधरा तारखेला. म्हणाल्या, त्याला सांगू नका. आम्ही नाही कसं म्हणणार?”

“आणि हो म्हणताना अडचण आली?”

शेल्बी खाली पाहू लागली. “नाही,” ती म्हणाली. “सगळ्यांना बरंच वाटलं. तुम्ही इतके जवळ आला होतात.”

चहाची किटली घेऊन आयव्हीबाई आल्या. सभागृह त्यांच्या ताब्यात होते, आणि या न्यूफाउंडलंड बेटावरच्या रीतीप्रमाणे त्या अनोळखी माणसाला थेट लाडाने हाक मारत.

“सात हजार किलोमीटर सायकल चालवलीस आणि तोंड असं पाडून बसलायस, राजा? उतरल्या उतरल्या बायको भांडली वाटतं.” त्यांनी डब्यातले दूध भरपूर ओतले. “पी. साखर घातलीय. ही पोरगी काय, चहाच्या पाण्याला नुसता रंग दाखवते.”

“आयव्हीकाकू, आत्ता नको,” शेल्बी म्हणाली.

बाईंनी दोघांच्या तोंडाकडे पाहिले, किटली टेबलावर ठेवली आणि आत गेल्या.

ॲनगसची पेन्सिल ‘प्रेमळ’ या शब्दावर टेकली आणि तिथे अडली.

त्याचे विद्यापीठातले नाव ज्या एका कामावर उभे होते ते असे: अठराव्या शतकातल्या एका बिशपची म्हणून पूज्य मानलेली चाळीस पत्रे बिशपची नव्हेत, त्याच्या पुतण्याची आहेत, हे त्याने केवळ वाक्यांच्या चालीवरून सिद्ध केले होते. शाई तपासली नव्हती, कागद तपासला नव्हता. बिशप कधीही कुणाला शाबासकी देत नाही, एवढेच त्याने दाखवून दिले होते.

त्याने फोन काढला. निरोपांच्या यादीत ब्रिनचे नाव वर होते. त्याखाली लोर्नाचे, शेजारी न उघडलेल्या निरोपांचा निळा आकडा. अंगठा सवयीने तो ओलांडून गेला. लोर्नाचे निरोप गुडघ्याच्या मलमाविषयी असत. घरातले काही सांगण्यासारखे असले तर ते ब्रिनकडूनच कळे. गेली कित्येक वर्षे त्या घरात बोलणे तिच्यामार्फतच चाले.

ब्रिन सायकली दुरुस्त करी. जन्मापासून फुप्फुसे अधू. तरी बाराव्या वर्षी तिने शेजाऱ्याची सायकल सुटी करून पुन्हा जोडली होती आणि एकतिसाव्या वर्षापर्यंत तेच करत होती. ही सायकल तिनेच बांधली, इस्पितळात जाण्याच्या आधीच्या महिन्यात, प्राणवायूची नळी नाकाला लावून. प्रतिष्ठानाच्या सफरीत बापाचे नाव तिनेच घातले. ‘तुझा तो शोकसभेचा चेहरा,’ ती म्हणाली होती, ‘इथून जितका लांब नेता येईल तितका ने.’ मग खोकली होती. त्यानंतर बोलण्याइतका श्वास तिला फार वेळ पुरेनासा झाला, आणि उरले ते निरोप.

तो ते आता पहिल्यापासून वाचू लागला. रॉकी पर्वतातला: ‘नकाशावर तुझा ठिपका हलत नाहीये, म्हातारबा. मेलास की लघवीला गेलायस?’ त्याच घाटातला दुसरा: ‘पेडल मारतोयस की खिमट ढवळतोयस?’ सस्कॅचेवानातला: ‘रस्ता सरळ, चढ नाही, वळण नाही. आता कुणावर ढकलणार?’ ओंटारियोतला: ‘साखळीची कुरकुर इथवर ऐकू येते. तेल घाल, कंजूष.’ आणि नॉर्थ सिडनीचा, न्यूफाउंडलंडच्या बोटीत चढायच्या आधी आलेला: ‘बोटीवर पेडल मारायचं नसतं. तरी तू दमशीलच.’ तारीख चौदा ऑगस्ट.

मग बोट. बोटीवर फोन लागत नाही.

नंतरचा, पंधराचा: ‘बाबा, फार वारा आहे का? जपून चालव. आम्हाला तुझा अभिमान वाटतो.’ सोळाचा: ‘दमलास की थांब. घाई कुणाला नाही.’ सतराचा, अठराचा. बेटावरच्या गँडर गावाजवळचा: ‘तू हे करशील असं मला कधी वाटलं नव्हतं. आता मी रोज तुझी वाट बघते.’

गँडरच्या त्या निरोपावर तो रस्त्याच्या कडेला, फायरवीडच्या गुलाबी रानफुलांच्या झुडपांत सायकल आडवी टाकून रडला होता. आनंदाने. आजारपणाने पोरगी मऊ झाली, असे त्याला वाटले होते. बिशपच्या पुतण्याला दोनशे वर्षांनंतर पकडणाऱ्या विद्वानाने अकरा दिवस, रोज दोनदा, हे वाचले होते आणि त्याला काही खटकले नव्हते. शिव्या मिळाल्या की मनुष्य चिकित्सक होतो. कौतुक तो जसेच्या तसे मान्य करतो.

“हे कोणी लिहिलं?” त्याने फोन शेल्बीपुढे धरला.

तिने वाचले. “मला वाटलं... तिनं आधी लिहून ठेवले असतील. लोर्ना म्हणाल्या, त्याला निरोप जातायत. म्हणून तर मी ते वाक्य घातलं. शपथ, प्रोफेसर. आमच्याकडून एक अक्षर नाही.”

“तुमच्याकडून दोन वाक्यं आहेत. ती माझ्या हातात आहेत.”

दार उघडले आणि लोर्ना आत आली. गळ्यातला रुमाल तिने काढला होता. तो काळाकुट्ट होऊन तिच्या हातात होता, आणि तिची बोटेही.

“साखळीवरचं खारं पाणी पुसलं,” ती म्हणाली. “ब्रिन म्हणायची, लगेच पुसलं नाही तर—” टेबलावरचा कागद तिला दिसला. तिने शेल्बीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. “अरे देवा. त्याच्यावरून कळलं तुला?”

“छापील मजकूर स्वच्छ असतो. वाचायला सोपा.”

“मी किनाऱ्यावरच सांगणार होते. तोंड उघडेना. ते फोटो काढत होते.”

“फोटोत तू आहेस, लोर्ना. माझ्या शेजारी. सगळं माहीत असून.”

ती त्याच्यासमोर बसली. काळी बोटे कुठे ठेवावीत ते तिला कळत नव्हते. शेवटी ती तिने मांडीवर उलटी ठेवली.

“अंत्यविधी थांबवलाय,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी.”

त्याने मान हलवली. मग फोन स्वतःच्या आणि तिच्या मध्ये ठेवला, आरोपीपुढे पुरावा ठेवतात तसा.

“मला एकच गोष्ट हवी आहे. तिचं शेवटचं वाक्य कोणतं? खरंखुरं. तिचं.”

लोर्नाने वाकून पाहिले. तिला शोधावे लागले नाही.

“बोटीचं. ‘तरी तू दमशीलच.’ मी उशाशी होते. लिहिताना हसली. मग हसण्यानं खोकला लागला. साडेतीनला गेली.”

ॲनगसच्या टाचा थांबल्या.

आत आयव्हीबाई कपबशा गरजेपेक्षा जास्तच हळू विसळत होत्या.

“आणि त्यानंतरची अकरा?” तो म्हणाला. “बातमी दडवली, ते एक वेळ समजेल. पण तिच्या नावानं? तुला तिच्या तोंडचं एक वाक्य तरी नीट करता आलं का? ती मला कधी जपून चालव म्हणाली असती? मेलेल्या पोरीला तू गुळमुळीत करून टाकलंस, लोर्ना. आणि मी ते गिळलं.”

“तिच्यासारखं लिहायचा मी प्रयत्नच केला नाही,” लोर्ना म्हणाली.

“मग काय केलंस?”

शेल्बी पुढे झाली. “सर, चारला हे निवेदन जाणार आहे. मी थांबवते. पुन्हा लिहूया आपण.”

“लिहूयाच,” ॲनगस म्हणाला. त्याने कागद उलटा केला, ओला कोपरा तळहाताने दाबून सपाट केला आणि पेन्सिल टेकवली. “बोल, लोर्ना. तू म्हणशील ते मी उतरवून घेतो. तुझ्याच शब्दांत. काटछाट न करता.”

“आत्ता? हिच्यासमोर?”

“तू अकरा दिवस दुसऱ्याच्या नावानं बोललीस. आता स्वतःच्या नावानं बोल.”

लोर्नाने त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत भीती नव्हती. असलाच तर थकवा होता, आणि ज्याला फार काळ कुणी काही विचारले नाही त्या माणसाची थोडी घाई. ती सावकाश बोलली, त्याच्या हाताच्या वेगाने, शब्द सुटला तर थांबून. शेवटच्या वाक्याशी त्याची पेन्सिल थांबली. लोर्नाने ते पुन्हा सांगितले. मग त्याने तेही लिहिले. कागदाच्या मागच्या बाजूला, त्याच्या बारीक, सुवाच्य अक्षरात, आजही ते तसेच आहे:

‘ते सगळे निरोप मी लिहिले. त्यातला अभिमान माझा होता; ब्रिनचा म्हणून पाठवला, कारण तिचे निरोप तू वाचतोस. तिच्या फोनवर तुझा निरोप आला, बेटावर पोचलो म्हणून, तेव्हा मला कळलं की तुला अजून काहीच माहीत नाही. त्यानंतर मी प्रतिष्ठानाला फोन केला, त्याला सांगू नका म्हणून. पण बातमी मी दडवली नाही, ॲनगस. ब्रिन गेली, फोन कर, असं मी चौदा तारखेलाच तुला कळवलं होतं, माझ्या नावानं. तो निरोप अकरा दिवस तुझ्या खिशात आहे. तू तो अजून उघडलेला नाहीस.’