सढळ हात

"हात लावून बघ," रस्टी म्हणाला.

मी लावला आणि झटकन मागे घेतला. मिलिंग मशीनच्या डोक्याचा खालचा भाग, जिथे स्पिंडल, म्हणजे कापणारं पातं धरणारा दांडा, फिरतो, तो उकळत्या किटलीसारखा तापला होता. मशीन सुरू करून वीस मिनिटंही झाली नव्हती.

"आता मोटर बघ."

मोटर जेमतेम कोमट होती.

"म्हणजे दुखणं वर नाही, खाली आहे," त्याने मशीन बंद केलं. "पट्टा मी मघाशीच ढिला करून पाहिलाय. तरी तीच तऱ्हा. बेअरिंग उघडावं लागणार."

रस्टीचं खरं नाव ओरेस्ते बोर्तोलुसी. साखर कारखान्यात त्याने एक्केचाळीस वर्षं ग्रीस भरलं. त्याच्या हाताखालच्या लोखंडाला कधी गंज चढला नाही, म्हणून सगळे त्याला रस्टी, म्हणजे गंजका म्हणायचे. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या आमच्या या टोकाला टोपणनावं अशीच उफराटी असतात. टक्कल पडलेला व्हिन्स 'कुरळ्या', आणि मी 'बुलेट', कारण मी पोस्टमास्तर असताना माझ्या खिडकीसमोरची रांग म्हणे हलायचीच नाही.

सोमवारी आणि गुरुवारी आम्ही निवृत्त मंडळी जत्रेच्या मैदानामागच्या शेडमध्ये जमतो. कोणी खुर्च्या दुरुस्त करतं, कोणी नुसतं चहा पितं. टेबलावर मावणारं, धातू कोरून आकार देणारं ते हौशी लोकांचं मिलिंग मशीन म्हणजे आमच्याकडची सगळ्यात मानाची वस्तू. आणि त्यावरून गेले सात आठवडे आम्ही एका बाईला छळत होतो. छळ हाच शब्द आहे. तेव्हा आम्हाला ती शिस्त वाटत होती.

कॉरली मे महिन्यात शेडमध्ये आली. इस्पितळाच्या औषधखान्यातून निवृत्त झालेली, मोजूनमापून बोलणारी बाई. तिचे वडील उसाच्या रेल्वेचं इंजिन चालवायचे. आता ते एक्क्याण्णव वर्षांचे आहेत आणि त्यांचे डोळे गेलेत. त्यांना बोटांनी चाचपता येईल असं पितळेचं छोटं इंजिन तिला करायचं होतं. आठ चाकांपैकी सहा झाली. सातव्याला मशीनचं डोकं इतकं तापलं की चाकावर ओरखडे उठले.

तिने ते लगेच सांगितलं. वर असंही म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय, ग्रीस जास्त झालं तरी बेअरिंग तापतं."

रस्टी हसला होता. "बाई गं, ग्रीस कधी जास्त होतं का? कमी पडतं!"

सगळे हसले. मीही हसलो. मग आमचं ठरून गेलं की हिने मशीन फार वेगात चालवलं आणि बेअरिंग जाळलं. शेडचा सेक्रेटरी मी. मीच मशीनवर कागद चिकटवला: 'कॉरली यांनी कृपया हे मशीन वापरू नये.' कृपया हा शब्द माझा.

आमच्याकडे माणूस आपला असला की त्याला शिव्या मिळतात. 'आलास का मेल्या', 'तुझ्या हाताला लकवा भरलाय का', असलं काही ऐकू आलं नाही तर समजावं, आपण बाहेर पडलो. कॉरलीशी आम्ही 'तुम्ही' करून बोलायला लागलो. 'साखर घेता का?' 'बसा ना.' ती सगळं समजून होती. तरी ती प्रत्येक सोमवारी यायची, कोपऱ्यात बसून गावातल्या बायकांच्या सुऱ्यांना धार लावायची. त्या सुऱ्यांचा आवाज मला घरी जाऊनही ऐकू यायचा.

तर त्या सोमवारी आम्ही दोघं मशीन उघडत होतो. रस्टीने आधी बेअरिंग आवळणारा नट जरासा सैल केला. मशीन पुन्हा चालवलं तर उष्णता किंचित उतरली, पण डोकं खडखडायला लागलं. त्याने मान हलवली, नट होता तसा आवळला आणि खालची टोपी काढली.

आत काळंभोर ग्रीस गच्च भरलेलं होतं. बेअरिंगच्या गोळ्या दिसतच नव्हत्या. रस्टीने बोटावर थोडं घेतलं, अंगठ्याने चोळलं, वास घेतला आणि तसाच उभा राहिला.

"केवढं काळं झालंय!" मी म्हणालो. "पार जाळलं की रे तिने."

शेडमधलं ग्रीस पिवळं असतं, हे मला माहीत होतं. जळलं की काळं होतं असा माझा समज. पोस्टात ग्रीस नसतं.

मी त्याच्या हातात आयतं उत्तर दिलं होतं. त्याने नुसतं 'हो' म्हटलं असतं तर ते ग्रीस फडक्यात गेलं असतं, मशीन चालू झालं असतं आणि रस्टीने पुन्हा एकदा शेडची लाज राखली, असं मीच गावभर सांगितलं असतं.

"जळलेलं नाही," तो शेवटी म्हणाला. "चहाची वेळ झाली का?"

दहा वाजता आम्ही आठजण टेबलाभोवती बसलो. रस्टीच्या बायकोने पाठवलेल्या पिठीसाखरेच्या खुसखुशीत चकत्यांचा डबा फिरत होता. रस्टी बसला नाही. एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून उभा राहिला.

"मशीन कॉरलीने नाही बिघडवलं," तो म्हणाला. "मी बिघडवलं."

"काय बोलतोस लेका," कुरळ्या म्हणाला.

"एप्रिलमध्ये. पावसाने सगळं सादळलं होतं. मला वाटलं, गंज धरेल. मी एकटाच आलो, डोकं उघडलं आणि घरच्या डब्यातलं काळं ग्रीस भरलं. बाहेर येईपर्यंत. कारखान्यात भरायचो तसं. असलं ग्रीस गावात माझ्याशिवाय कोणाकडे नाही. तेव्हा मशीन कोणी जोरात चालवत नव्हतं, म्हणून कळलं नाही. हिने चालवलं, बारीक कामाला चालवायला हवं तितकंच." तो कॉरलीकडे वळला. "तू सांगितलं होतंस. मी हसलो."

मग कुरळ्या घसा खाकरून म्हणाला, "असू द्या, ओरेस्ते. होतं असं. बसा तुम्ही."

ओरेस्ते! बसा तुम्ही! चाळीस वर्षांत कुरळ्याच्या तोंडून मी ते नाव ऐकलं नव्हतं. दुसऱ्या कोणीतरी डबा पुढे करून "घ्या ना" म्हटलं. रस्टीचा चेहरा उतरला. चूक कबूल करताना तो उतरला नव्हता, तो आता उतरला. मला फार वाईट वाटलं.

तो बसला आणि टेबलाकडे बघत म्हणाला, "मग एक्केचाळीस वर्षं मी काय करत होतो?"

हे त्याने कोणालाच विचारलं नव्हतं. पण कॉरली उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

"तिथे बरोबरच करत होतास," ती म्हणाली. "ऊस पिळणारे रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतात. वरून पाणी, रस, भुसा. तिथे गच्चच भरायला हवं, नाहीतर घाण आत जाते. इथे मिनिटाला तीन हजार फेरे, आणि बेअरिंग बांगडीएवढं. त्याला स्वतःचं ग्रीस घुसळण्यातच घाम फुटतो. औषध तेच असतं रे, हत्तीला वेगळी मात्रा आणि उंदराला वेगळी."

रस्टीने टेबलावरून मान वर केली.

"आणि माझे सात आठवडे खाल्लेस, गंजक्या," ती म्हणाली. "आता ते चहाचं पाणी ढोस आणि ऊठ. तुझं काळं लोणी उपसत मी एकटी बसणार नाही."

कुरळ्याला आधी हसू फुटलं. मग सगळेच सुटले. "त्याला चमचा द्या, खाऊ दे त्यालाच!" कोणीतरी ओरडलं. रस्टीने त्या दिशेला इटालियन भाषेत काहीतरी हासडलं.

मी मशीनवरचा कागद फाडून कॉरलीकडे गेलो. मनात लांबलचक माफी जुळवली होती. निघालं एवढंच, "चुकलं माझं."

"हो, चुकलंच," ती म्हणाली. "पोचलं म्हणायचं, बुलेट. तुझ्या पोस्टाच्या मानाने लवकर."

रस्टी आणि कॉरलीने मिळून दुपारपर्यंत स्पिंडलची दोन्ही बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली. मी फडकी पुरवत होतो. गोळ्या एकेक करून उजळल्या. बेअरिंगं सुकल्यावर कॉरलीने पर्समधून औषध देण्याची मोठी सिरिंज काढली, सुई नसलेली. शेडमधलं पिवळं ग्रीस तिने त्यात भरलं आणि सिरिंज रस्टीपुढे धरली.

"तू भर," तो म्हणाला.

"मी मोजीन. हात तुझाच चांगला आहे."

त्याने चष्मा लावला. पिंपांवर पिंपं रिकामी केलेला तो माणूस दोन्ही हातांनी सिरिंज धरून वाकला आणि गोळ्यांच्या फटींमध्ये एकेक कण सोडत बेअरिंग फिरवत गेला. कॉरली सिरिंजवरच्या रेघांकडे बघत होती. अर्धा मिली. एक. दीड.

"बास."

"इतकंच? तळसुद्धा भिजला नाही."

"बास म्हटलं ना."

रस्टीने हात आखडता घेतला. सिरिंज जवळजवळ भरलेलीच होती. त्या उरलेल्या ग्रीसकडे बघून त्याने दुसरं बेअरिंग पुढे ओढलं आणि म्हणाला, "थांबायचं कधी ते सांग."