तपासणीच्या दिवशी माझा पट्टा नीट लागला

मी एक खुर्ची आहे, पण तुम्ही मला कधी पाहिलेलं नसणार. विमानात चढल्यावर डावीकडे जे जाड दार दिसतं, त्याच्या आत मी असायचे. पुढे दोन ऐसपैस खुर्च्या, एक कॅप्टनची, एक को-पायलटची. त्यांच्या मागे भिंतीला चिकटून, घडी घातलेली मी. वैमानिक मला जंपसीट म्हणतात.

माझी गोष्ट सांगायची मला लाज वाटते. म्हणूनच इतके दिवस गप्प होते.

कारखान्यात मला बनवलं तेव्हा माझ्यावर वजनं ठेवून मला गदागदा हलवलं होतं. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून असे माझे पाच पट्टे, आणि ते सगळे एकत्र धरणारं मधलं गोल बकल. एका बाईंनी ते बकल दोनशे वेळा लावलं आणि दोनशे वेळा काढलं. मग कागदावर बरोबरची खूण केली. मी अगदी फुशारून गेले.

मला वाटलं, आता माझ्यावर मोठी माणसं बसणार. वर्षातून एखाददुसरा तपासनीस बसायचाही. पण बाकीचे दिवस माझ्यावर बसायचे ते घरी जाणारे वैमानिक.

हे मला आधी समजलंच नव्हतं. कंपनी ज्या शहरातून वैमानिकाला कामाला लावते, त्याला बेस म्हणतात. बेस एका शहरात आणि घर दुसऱ्या शहरात, असे कितीतरी जण असतात. तुमचे बाबा बसने कामावर जात असतील, तसे हे विमानाने कामावर जातात. विमान भरलेलं असलं की दाराशी येऊन हळूच विचारतात, "कॅप्टन, मागची जागा आहे का?" कॅप्टन हो म्हणाले की मी उघडते.

माझ्यावर बसून माणूस गुडघे पोटाशी घेतो आणि लहान दिसायला लागतो. घरी निघालेला सारखं घड्याळ बघतो. बेसला निघालेला एकदाही बघत नाही.

त्यांच्यात एक को-पायलट बाई होत्या. नोकरीत नव्या. दाराशी आल्या की दर वेळी म्हणायच्या, "येऊ का आत?" म्हणून सगळ्यांनी त्यांचं नाव पाहुणी ठेवलं होतं. त्यांना नवरा होता, सासूबाई होत्या आणि दुसरीत जाणारी मुलगी होती.

नव्या माणसाला ठरलेली उड्डाणं कमी मिळतात. त्याला स्टँडबाय लावतात. म्हणजे बेसच्या शहरात राहायचं, बॅग भरून, गणवेशाला इस्त्री करून फोनसमोर बसायचं. कुणी आजारी पडलं की फोन येतो आणि दीड तासात विमानतळावर हजर व्हावं लागतं. फोन आला नाही, तर दिवस तसाच संपतो. पाहुणीने त्यासाठी बेसला एका खोलीत कॉट घेतली होती. त्या खोलीत सहा कॉट होत्या.

आमच्या विमानावर बहुतेक वेळा एक मिशीवाले कॅप्टन असायचे. निवृत्तीला आलेले, थट्टेखोर.

"काय पाहुणे, या महिन्यात किती उडालात?"

"तीन उड्डाणं, कॅप्टन. आणि अकरा दिवस फोनसमोर."

"मजा आहे! बसून पगार."

"लेक विचारते, आई, तू पायलट आहेस की फोनची राखणदार?"

कॅप्टन खो खो हसले. पाहुणीही हसली, पण सगळ्यांच्या नंतर.

माझ्या सहाव्या वर्षी बकलमध्ये काहीतरी बिघडलं. पट्टे आत जायचे, पण 'टक्' असा पूर्ण आवाज यायचा नाही. कधीकधी नुसता हात लागला तरी एखादा पट्टा सुटायचा. माझ्यावर बसणाऱ्यांनी त्यावर उपाय शोधला. आधी डावे पट्टे, मग उजवे, आणि वरून तळहाताचा एक दणका. नवा कुणी आला की जुना त्याला सांगायचा, "बुक्की मार, बसतं ते."

एकदा पाहुणी दणका मारत होती, तेव्हा मिशीवाले कॅप्टन मागे वळले. "हे खराब झालंय वाटतं. वहीत लिहू का?"

विमानाची एक नोंदवही असते. तिच्यात बिघाड लिहिला की मेकॅनिकला तो दुरुस्त करावाच लागतो, आणि तोवर ती वस्तू वापरता येत नाही.

"नको ना, कॅप्टन," पाहुणी घाईने म्हणाली. "सीट बंद करतील. नवा भाग यायला पंधरा दिवस. मी घरी कशी जाऊ?"

कॅप्टननी पेन परत खिशाला लावलं. "बरं, तुझ्यासाठी."

आणि मी? मला बरं वाटलं. बंद पडलेल्या खुर्चीला कोण विचारतं? मला हवीहवीशी राहायचं होतं. माझ्या आत काय झालंय हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मला बरं वाटलं. माझी पहिली लाज ही.

असेच सात महिने गेले.

त्या दिवशी पाहुणी दोन दिवसांची सुट्टी संपवून बेसला निघाली होती. दुपारी दोनपासून तिचा स्टँडबाय सुरू होणार होता. तिने पट्टे लावले, दणका मारला.

"बसलं का?" कॅप्टननी विचारलं.

"बसलं."

बसलं नव्हतं. आवाज अर्धाच आला होता.

उतरताना आम्ही ढगात शिरलो आणि विमानाला जोराचा हिसका बसला. पाहुणीचं वजन पट्ट्यांवर आलं आणि मी तिला सोडलं. दुसरं काय म्हणू? मी सोडलं तिला.

ती पुढे फेकली गेली. तिच्या अगदी समोर, दोन्ही वैमानिकांच्या मधे, इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे दांडे होते. कुणीही घाबरून तेच धरले असते. पण ती वैमानिक होती. तिने पडता पडता अंग वळवलं आणि हात बाजूच्या लोखंडी कडेवर टाकला. दांड्यांना तिचा धक्काही लागला नाही. मनगट मोडलं.

विमान सुखरूप उतरलं. प्रवाशांना काही कळलंही नाही. दोन वाजता पाहुणी इस्पितळात होती आणि तिचा फोन माझ्याखाली पडून वाजत होता. स्टँडबायचा होता. किती तरी वेळ वाजला.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले. त्यांच्याबरोबर मेकॅनिककाका होते. मिशीवाले कॅप्टन दाराशी उभे होते.

काकांनी माझे पट्टे बकलमध्ये घातले. टक्.

काढले, परत घातले. टक्. तिसऱ्यांदाही टक्, अगदी कारखान्यातल्यासारखं.

मी मुद्दाम केलं नाही हो. का तसं झालं, मला अजून कळत नाही. पाहुणे आले की घरातलं वांड मूल एकदम गुणी होतं ना, तशी मी त्या दिवशी वागले. सात महिने नीट न लागलेलं बकल नेमकं त्याच दिवशी लागलं. 'सूट गं,' असं मी स्वतःला म्हणत होते, पण ते सुटलं नाही.

"पट्टा उत्तम आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे बाईंनी लावलाच नव्हता. कॅप्टन, याबद्दल आधी कुणाची तक्रार?"

कॅप्टननी मिशीवरून बोट फिरवलं. त्यांना निवृत्त व्हायला चार महिने होते.

"वहीत काही नाही," ते म्हणाले.

ते खोटं नव्हतं. वहीत खरंच काही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात विमान उभं असताना को-पायलट हळू आवाजात म्हणाला, "कॅप्टन, पाहुणीला पत्र गेलंय. पट्टा न लावून विमान धोक्यात आणलं आणि स्टँडबायला फोन घेतला नाही. चौकशी समितीसमोर बोलावलंय. नोकरी जाईल म्हणतात."

"तिने काय सांगितलं?"

"लावला होता एवढंच. वहीत लिहू नका असं तिनेच आपल्यासमोर म्हटलं होतं, ते नाही सांगितलं. तुमचं नाव येईल म्हणून असेल."

प्रवासी उतरल्यावर कॅप्टननी मेकॅनिककाकांना बोलावलं आणि स्वतः माझ्यावर बसले. पट्टे लावले. टक्.

"बघा, चांगलं आहे की," काका म्हणाले.

"थांब." कॅप्टननी सगळं अंग पुढे आणि डावीकडे झोकलं. काही झालं नाही. पुन्हा झोकलं, पुन्हा काही नाही.

"अहो कॅप्टन, कंबर धरेल या वयात!"

सातव्या वेळी बकल उघडलं. कॅप्टन पुढच्या खुर्चीच्या पाठीवर आपटले. कुणीच हसलं नाही.

मग त्यांनी नोंदवही घेतली. काकांनी ती वाचली: "पट्ट्याचं बकल भार आल्यावर सुटतं. हे मला सात महिन्यांपासून माहीत आहे. मी नोंद केली नाही."

"कॅप्टन," काका म्हणाले, "शेवटची दोन वाक्यं नसली तरी चालतील. आम्ही बकल बदलू."

"तीच तर लिहायची राहिली होती," कॅप्टन म्हणाले.

त्यानंतर ते उडाले नाहीत. उरलेल्या महिन्यांसाठी त्यांना घरी बसवलं. पाहुणीचं पत्र कंपनीने मागे घेतलं. पण तिच्या मनगटात धातूची पट्टी घातली आहे. दीड महिन्याने डॉक्टर तपासतील, तेव्हाच कळेल ती परत उडू शकेल की नाही.

मी आता कार्यशाळेत एका फळीवर आहे. काल पाहुणी चौकशीच्या कागदांवर सही करायला आली होती, हात गळ्यात बांधलेला. काकांनी तिला माझ्या बकलमधली स्प्रिंग दाखवली. झिजून तुटलेली, नखाएवढी.

"एवढीच?" ती म्हणाली.

"एवढीच."

तिने ती तळहातावर घेतली. "काका, लिहू नका म्हणून मीच सांगितलं होतं. दर वेळी वाटायचं, या खेपेला घरी जाऊन येऊ, मग लिहू."

काकांनी उगाच एक पाना उचलला आणि परत ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं, पण माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत एखादी वस्तू असेल, जी बुक्की मारून चालते. पंख्याचं बटण असेल, जिन्याचा कठडा असेल, शाळेच्या बसचं दार असेल. चालतंय तर चालू दे, असं म्हणू नका. ती बंद पडली तर चार दिवस तुमची अडचण होईल, ती होऊ द्या. आणि तपासायला माणूस आला की ती वस्तू शहाण्यासारखी वागेल, तेव्हा तिच्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. तिला स्वतःहून खरं सांगता येणार नाही. माझ्यासारखीच तिलाही लाज वाटत असेल.