गोजराआईची विळी

“सुदीर, आमचा गनपतीचा पाट दिसला का रं तुला?” शेडच्या दारातून डोकं आत घालून नामदेवने विचारलं.

“कुठला पाट?” रंधा न थांबवता सुधीर म्हणाला.

“अरे, सागवानी. हा एवडा जाड. खाली दोन पट्ट्या, त्यातली एक उंदरानं कुरतडलेली. घराचा काम काढला तवा आमच्या पोरानं, दिपेशनं माळ्यावरला सगला सामान इथं आनून टाकलावता. मूर्तीवाल्याचा फोन आलाय, दोन दिवसांत पाट पाटवा बोलतो.”

रंधा थांबला. उंदराने कुरतडलेली पट्टी सुधीरला चांगली आठवत होती. चैत्रात त्यानेच ती पक्कडीने उपटून काढली होती आणि मागच्या अंगणात पाणी तापवायच्या चुलीपाशी टाकली होती.

“नाही रे,” तो म्हणाला. “नाही पाहिला.”

नामदेव गेला. सुधीरने रंधा बाजूला ठेवला. तो भुशात खाली बसला. शेडच्या खिडकीतून अंगण दिसत होतं, आणि अंगणात नामदेवची आई, ब्याऐंशी वर्षांची गोजराआई, विळीवर जिताडा कापत बसली होती. श्रावणाला चार दिवस उरले होते. एकदा श्रावण लागला की गणपतीचं विसर्जन होईपर्यंत या घरात मासळी शिजत नसे, म्हणून आत्ताच काय ते खाऊन घ्यायचं चाललं होतं. म्हातारी उजवा पाय विळीच्या फळीवर घट्ट रोवून बसली होती. ती फळी म्हणजेच तो पाट होता.

सुधीर आयरे तेहेतीस वर्षं रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होता. लोकांनी बनवलेल्या वस्तू मांडणीवर ठेवायच्या, चिठ्ठी आली की काढून द्यायच्या. स्वतःच्या हातांनी त्याने पेन्सिलीला टोकही धड काढलं नसेल. निवृत्त झाल्यावर सुतारकामाचा किडा डोक्यात शिरला तेव्हा त्याची बायको स्मिता हसली, आणि बाल्कनीतल्या करवतीच्या आवाजावरून सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले तेव्हा तिचं हसू बंद झालं. शेवटी नामदेव धावून आला. तोही त्याच कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेला, करावे गावचा आगरी. “माज्या शेडमधी कर काय करायचा तो. पडलेला लाकूड पन वापर, बिनदास,” म्हणाला. सुधीरचं पहिलं स्टूल तीन पायांवर उभं राहिलं, चौथा हवेत. “बसणाऱ्याला आधी सांगून बसवत जा,” असं स्मिताने सुचवलं होतं.

पण विळी साधली होती. नामदेवच्या डब्यात तीस वर्षं सुधीरचा वाटा असायचा, आणि तो डबा भरायची गोजराआई. तिच्या जुन्या विळीची फळी उभी चिरली, तेव्हा सुधीरने ठरवलं की आईला नवी आपणच करून द्यायची. शेडमधल्या ढिगात ही सागवानी फळी मिळाली. त्याने खालच्या पट्ट्या काढल्या, फळी मापाने कापली, वरचा काळा थर रंध्याने उतरवला. खिळ्यांची भोकं भुसा आणि गोंद भरून अशी बुजवली की बोट फिरवलं तरी लागत नव्हती. पातं बसवलं. गोजराआईने ती विळी आळीतल्या एकूण एक बाईला दाखवली. “हालत नाय, बग. आमच्या सुदीरनं केली.” आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी नीट केलं होतं.

नामदेवकडचा गणपती दुकानातल्या पाटावर येत नाही. घरचा पाट आषाढात मूर्तीवाल्याकडे जातो, त्याच्यावरच मूर्ती घडते, त्याच्यावरच घरी येते, आणि विसर्जनानंतर रिकामा पाट पुन्हा कपड्यात गुंडाळून माळ्यावर चढतो. सुधीरच्या संगमेश्वरच्या घरीही हेच. म्हणजे कोकणातल्या माणसाला पाट ओळखता आला नाही, असं म्हणायचीही सोय नव्हती.

त्या दिवशी तो घरी आला आणि जेवला नाही. स्मिताने खोदून खोदून विचारल्यावर त्याने सगळं सांगितलं. तिने त्याचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, “अहो, नवीन पाट करून द्या आणि सांगा सापडला म्हणून. म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगायचं?”

तिचं चुकीचं नव्हतं. चूक सुधीरची होती, पण ती कळली की पाप लागणार होतं म्हातारीला. हात तिचा, पाय तिचा, चार महिने. न सांगावं तर गणपती उठल्यावर ती पुन्हा त्याच फळीवर बसणार, आणि आपण तिथेच शेडमध्ये बसून ते बघणार. आडात पडावं की विहिरीत, एवढाच प्रश्न होता.

सकाळी तो करावेला पोचला तेव्हा नामदेव पाट शोधायला भंगारवाल्याकडे गेला होता. सून सोनल मुलीला शाळेत सोडायला गेली होती. अंगणात गोजराआई विळी मांडून बसलेली, शेजारी परातीत बोई मासे.

“आई, थांबा. कापू नका.”

“का रं? तुकडं लय मोटं झालं काय?”

“आई, ही फळी…” तो तिच्यासमोर उकिडवा बसला. “ही फळी म्हणजे तुमचा गणपतीचा पाट आहे. मी कापला. चैत्रात.”

गोजराआईला काही कळलंच नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग फळीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. आणि मग विस्तवावर पडावा तसा तिने पाय वर उचलला. हातातला मासा खाली पडला. दोन्ही पाय पोटाशी घेऊन ती मागे सरकत भिंतीला टेकली.

“माजा पाय,” ती म्हणाली. “माजा पाय व्हता त्याच्यावर.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, आई. चूक माझी आहे. मला मारा, शिव्या द्या…”

“लगीन होऊन आले तवापासून मीच पुसते त्यो पाट. साट वर्सं झाली.” तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “दुसऱ्या कोनाला हात नाय लावू दिला.”

सुधीरला रडू आवरेना. ती रडली नाही. तिने विचारलं, “तुला कायच दिसला नाय? कुकू, हळद?”

“कोपऱ्यात लाल दिसलं होतं. मला वाटलं, जुना रंग असेल.”

“वाटला, का वाटून घेतला?”

या प्रश्नाचं उत्तर तो रात्रभर टाळत होता. लाल डाग दिसल्यावर त्याचा हात थांबला होता. नामदेवला एक हाक मारली असती तर भागलं असतं. पण फळी सुंदर होती, घट्ट रेषांची, आणि तसं लाकूड पुन्हा मिळालं नसतं.

“वाटून घेतलं,” तो म्हणाला.

गोजराआईने मान हलवली. “नामदेवला सांगितला?”

“आज सांगतो.”

“नको.” आता तिचा आवाज नेहमीसारखा झाला. “त्याला सोसनार नाय. तुमची येवड्या वर्सांची दोस्ती, ती तुटल. आन माज्याकडं बगल तवा त्याला हाच दिसल, आयचा पाय. मना म्हाईत झाला, तुला म्हाईत हाय, देवाला म्हाईत हाय. चौता नको.” चौथी स्मिता होती, पण ते त्याने सांगितलं नाही.

तिने त्याच्याकडून पातं काढून घेतलं. फळी सात पाण्यांनी धुतली, कोऱ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि डोक्यावर घेतली. सुधीरने हात पुढे केला, तर तिने त्याला घेऊ दिली नाही. खाडीला भरती होती. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने फळी सोडली, हात जोडले आणि मागे न बघता चिखलातून चालत वर आली. सुधीर काठावर उभा होता. त्याला पाण्यात उतरायचा धीर झाला नाही.

पाटाला वाळवी लागली होती, मीच खाडीत सोडला आणि विसरले, असं तिने घरात सांगितलं. म्हातारपणी काही लक्षातच राहत नाही, म्हणून नामदेव आईवर थोडा चिडला. विळीचं काय झालं म्हणून सोनलने विचारलं, तर “पातं मोडला” एवढंच. दुसऱ्या दिवशी सुधीरने नवा पाट करून दिला. पाट कुठेही हलत नव्हता. गणपती त्यावर वाजतगाजत आले, आणि नामदेव पाच दिवस येईल त्या पाहुण्याला मूर्तीच्या आधी पाटच दाखवत होता. “आमच्या सुदीरनं बनवला. सुतार पन असा नाय बनवनार.” सुधीर प्रत्येक वेळी मान खाली घालत होता, आणि लोकांना तो विनय वाटत होता.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नामदेवने त्याला जेवायला बोलावलं. दीड महिन्यानंतर घरात जिताडा शिजला होता, वास पार गल्लीपर्यंत. सगळी ओळीने बसली. सोनलने रस्सा वाढला. गोजराआईच्या ताटात वरणभात होता.

“बग आता हिचा,” नामदेव म्हणाला. “आगऱ्याच्या घरची बाई, आन मासा सोडला बोलते! आषाडापासून तोंडात नाय घातला. मना वाटला श्रावन हाय, तर आज पन नाय. डॉक्टरला दाकवला, तो बोलतो सगला ठीक हाय. सुदीर, तुजा ऐकते ती. तू सांग तिला.”

सुधीरचा हात ताटातच राहिला. त्याने गोजराआईकडे पाहिलं. ती नातीच्या ताटातल्या तुकडीचे काटे काढत होती, एक एक, बोटांनी चाचपून.

“सोनल, सुदीरला डोक्याचा तुकडा वाड,” ती म्हणाली. “त्याला आवडतो.”

तुकडा ताटात पडला. सुधीरला घास उचलवेना.

“जेव,” गोजराआई म्हणाली. “गार झाला की हिवस वास येतो.”

सुधीर जेवू लागला. तिने नातीचं ताट पुढे सरकवलं, उठून हात स्वच्छ धुतले, परत येऊन आपल्या ताटावर बसली आणि वरणभात कालवायला घेतला.